मळीक सरांची लीडरशिप

मळीक सर रजिस्टरचं पान उलटताना अंगठा जिभेला लावत. एकदा नव्हे, प्रत्येक पानाला. हजेरीपटाचा उजवीकडचा खालचा कोपरा त्यामुळे काळपट, फुगीर आणि मऊ झाला होता. सकाळी सही करायला मी ते रजिस्टर वरच्या टोकाला दोन बोटांच्या चिमटीत धरून उघडत असे. सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं आणि सहा वर्षं त्या कोपऱ्याची किळस बाळगली. पुढे मला कळलं की किळस करण्यासारख्या गोष्टींत तो कोपरा फारच खालच्या नंबरवर होता.

सर आज निवृत्त आहेत, धडधाकट आहेत, आणि नव्या मुख्याध्यापकांना नेतृत्व शिकवतात. मी त्यांना 'ते' म्हणते ते केवळ तोंडाला पडलेलं वळण म्हणून. त्यात कुणी आदर शोधू नये.

आमची शाळा गोव्यात, डिचोली तालुक्यातली, खनिजाचे ट्रक जातात त्या रस्त्याला लागून. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. मळीक सर मुख्याध्यापक आणि दुसरी मी. मी पेडण्याकडची, कोरगावची. दोन बस बदलून यायची. पहिली-दुसरी सरांची, तिसरी-चौथी माझी, अशी वाटणी कागदावर होती. कागदावर म्हणते, कारण सर प्रशिक्षणाला गेले की चारही वर्ग माझ्या गळ्यात पडत, आणि ज्या आठवड्यात सर प्रशिक्षणाला गेले नाहीत असा आठवडा मला तरी पटकन आठवत नाही.

मुख्याध्यापकांचं ज्ञान वाढलं की शाळा सुधारते आणि शाळा सुधारली की मुलं शिकतात, असं त्या प्रशिक्षणांमागचं म्हणणं. म्हणणं चुकीचं आहे असं मला आजही वाटत नाही. पण सरांच्या बाबतीत ज्ञान पिशवीतून येई आणि पिशवीतच राही. प्रत्येक प्रशिक्षणात एक कापडी पिशवी, एक पॅड आणि एक पेन मिळायचं. पिशव्या सरांनी खुर्चीमागच्या भिंतीवर खिळे मारून ओळीने टांगल्या होत्या. एकदा सरांची बैठक डिचोलीला होती तेव्हा मी त्या सगळ्या उतरवून पाहिल्या. एकाही पॅडवर एक अक्षर नव्हतं. एका पॅडवर फक्त जेवणातल्या पदार्थांची यादी होती, आणि सोलकढीपुढे 'बरी' असं लिहिलं होतं.

परत येताना ते एखादा शब्द मात्र घेऊन येत. तो शब्द दुसऱ्या दिवशी भिंतीवर चढे. एकदा 'आमची दृष्टी' आली, एकदा 'अध्ययन कोपरा' आला, एकदा नुसतंच 'सामर्थ्य'. पेंटर बोलावून, निळ्या रंगात. त्या भिंतीला पाठ टेकून बसलेल्या पहिलीच्या पोरांना त्यातला 'आ' ओळखता येत नव्हता.

अमुक काम लीडरशिपमध्ये येत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. नळ गळायला लागला, मी सांगायला गेले, की ते उंड्या पावाचा तुकडा चहात बुडवत म्हणत, "टीचर, हें लीडरशिपांत येना." दुसरीतली दोन पोरं आठ दिवस आली नाहीत, घरी जाऊन बघू या का? "लीडरशिपांत येना." पण कुणी साहेब यायचा असेल, फोटो काढायचा असेल, तर गेटपासून आंब्याच्या डहाळ्या बांधण्यापर्यंत सगळं लीडरशिपांत यायचं. त्या दिवशी ते स्वतः शिडीवर चढत. केसांना पाणी लावून भांग पाडत, आणि तोच ओला हात खांद्यावर ठेवून मला फोटोत ओढत. सावळी, घामेजलेली, चार वर्ग सांभाळून थकलेली मी, आणि शेजारी भांग पाडलेले सर. असे पुष्कळ फोटो कुठल्या कुठल्या अहवालात असतील.

वाईट सांगायला बसले आहे म्हणून चांगलं लपवावं असंही नाही. सरांनी कुठल्याही मुलावर कधी हात उगारला नाही. शाळेला कधी उशिरा आले नाहीत. खाणी थांबल्या आणि ट्रकवाली कुटुंबं उठून गेली, तेव्हा पट इतका घसरला की शाळा बंद होणार अशी कुजबूज सुरू झाली. त्या मे महिन्यात सर उन्हातान्हात वाड्यावाड्यांवर फिरले, एकेका आईबापाला हात जोडले आणि पाच मुलं आणली. ती पाच मुलं पहिलीत बसली, आणि सर दुसऱ्या आठवड्यात प्रशिक्षणाला निघून गेले. मुलं आणणं एवढंच काम, शिकवणं कुणीतरी करीलच, असा त्यांचा भाव असे. ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा घरची आई असायची. ज्यांच्या आईला वाचता येई ती मुलं शिकत. बाकीची माझ्या तिसरीत यायची ती दगडासारखी कोरी.

एका प्रशिक्षणात त्यांना सांगण्यात आलं की मुख्याध्यापकाने वर्गात मागे बसून शिक्षकाचं निरीक्षण करावं. मला खरोखर बरं वाटलं. दोन वर्ग एकत्र घेऊन मी मेटाकुटीला आले होते; कुणीतरी मागे बसून बघेल, कुठे चुकतं ते सांगेल. सर आले, मागच्या बाकावर बसले, मांडीवर फॉर्म. पाच मिनिटांनी उठले. तास सुटल्यावर मी विचारायला गेले तर टेबलावर चार फॉर्म पडलेले, चार सोमवारांचे, चारही भरलेले. 'विद्यार्थ्यांचा सहभाग: उत्तम.' 'शिक्षकाची तयारी: उत्तम.' पुढचे तीन सोमवार अजून उजाडायचे होते.

मी म्हटलं, "सर, ह्या चौथीच्या मुलांना वाचता येत नाही. मी काय करू ते सांगा. उत्तम नको."

ते दचकले. मग फाईल चाळून म्हणाले, "तुमकां मार्गदर्शन जाय? मार्गदर्शनाचो फॉर्म वेगळो."

मार्गदर्शन हवं तर त्याचा फॉर्म वेगळा! मी हसले तेव्हा. आज हसू येत नाही.

त्या चौथीत सानिका होती. तिचे वडील सिंधुदुर्गातून, दोडामार्गाकडून आलेले, खाणी थांबेपर्यंत तिथला टिपर चालवायचे. आई काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जायची. घरात वाचणारं कुणी नाही. सानिकाला दहा-बारा अक्षरं ओळखता येत. काना-मात्रा लागली की ती गप्प. पण फळ्यावरचं उतरवून घ्यायची ते इतकं सुबक, की नुसती वही पाहणाऱ्याला वाटावं, वर्गातली पहिली. एप्रिलनंतर ती हायस्कुलात जाणार होती. तिथे पाचवीत चाळीस मुलं, सात विषय, सात शिक्षक. अक्षरं शिकवायला तिथे कुणी थांबत नाही. आमच्याकडे शिकली तर शिकली, नाहीतर संपलं, हे मला स्वच्छ दिसत होतं. तिलाही दिसत असावं. ती मधल्या सुट्टीत खिचडी लवकर संपवून माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहायची.

आणि तेव्हाच सरांच्या प्रशिक्षणात गृहपाठ आला. प्रत्येक मुख्याध्यापकाने शाळेतली एक समस्या निवडायची, तिच्यावर तीन महिने काम करायचं, आणि आधीचा व नंतरचा असे दोन व्हिडिओ पाठवायचे. चांगल्या प्रकल्पाची निवड राज्याच्या कार्यक्रमासाठी होणार होती. मी सरांच्या मागे लागले. वाचन घ्या, सर. रोज सकाळी एक तास. पहिली-दुसरीला तुम्ही बघा, न वाचणारी मुलं मला द्या. सर चक्क हो म्हणाले. म्हणाले, "हें लीडरशिपांत येता."

आधीचा व्हिडिओ सानिकाचा काढला. तिच्या हातात पुस्तक, समोर सरांचा मोबाइल. पहिला शब्द तिने कसाबसा जुळवला, दुसऱ्यावर अडली. कान लाल झाले, ओठ थरथरायला लागले. मी पुढे झाले तर सरांनी हाताने मला थोपवलं आणि ते आनंदाने म्हणाले, "बरें! अशेंच जाय." मुलगी रडायच्या बेताला आली तेवढं सगळं त्यांनी चित्रित करून घेतलं. जितकं वाईट तितकं बरं, नंतरचा व्हिडिओ उठून दिसतो.

तरीही तो तास सुरू झाला आणि मी सगळं विसरले. माझ्या नोकरीतले ते सर्वांत चांगले पाच आठवडे. सात मुलं घेऊन मी व्हरांड्यात बसायची. चिंचोके, वाळू, बिस्किटांचे कागद, काजूच्या पाकिटावरचं नाव, जे हाताला लागेल त्यावर वाचायचं. सहाव्या आठवड्याच्या सुरुवातीला सानिका गेटातून पळतच आली. दम लागला होता.

"टीचर, बसीर 'वाळपई' लिवलंला असता ना? ता मी वाचलंय! माका कोणी सांगूक नाय!"

एक शब्द. चार अक्षरं. मला रडू आलं, डोळे मी पदराने पुसले.

त्याच दिवशी सर कागद नाचवत आले. कार्यक्रमाची तारीख अलीकडे आली होती, नंतरचा व्हिडिओ शुक्रवारपर्यंत हवा होता. मी म्हटलं, अशक्य. तिला आत्ता कुठे सापडायला लागलंय. सरांनी खुर्ची ओढली, आवाज खाली आणला.

"टीचर, आमची शाळा चवदा भुरग्यांची. प्रकल्पाचें नांव जालें जाल्यार शाळा बंद करपाची गजाल कोण काडचो ना. एक धडो पाठ करून घेयात तिच्याकडल्यान. म्हजे खातीर न्हय, शाळेखातीर."

मला पटलं. खरं म्हणजे मला पटवून घ्यायचं होतं. चार दिवस मी सानिकाला एक पान पाठ करवलं. माझ्या तोंडून ऐकून ती म्हणायची. बोट कुठल्या शब्दाखाली कधी न्यायचं, पान केव्हा उलटायचं, मध्ये एकदा थांबून पुन्हा सुरू कसं करायचं म्हणजे खरं वाटतं, तेसुद्धा मीच शिकवलं. किळस म्हणते ना मी, ती सगळी सरांचीच आहे असं कुणी समजू नये.

व्हिडिओ उत्तम झाला. प्रकल्प निवडला गेला. सर पणजीला जाऊन शाल आणि आणखी एक पिशवी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलांना घेऊन व्हरांड्यात बसले, तर सर दारात.

"टीचर, आतां वर्गात घेयात तांकां. वाचन सोंपलें."

"सोंपूंक ना, सर. तुमकां खबर आसा."

"फॉर्मार 'साध्य' म्हूण बरयलां. साध्य जाल्लें परत कशें करप?" त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. साध्य म्हणून लिहून झालेलं पुन्हा कसं करायचं, हे ते खरंच विचारत होते. "कोण आयलो आनी हीं भुरगीं अजून क-ख करतना पळयलीं जाल्यार? आतां दुसरी समस्या घेवया. शाळेची बाग."

मुलं आत गेली. सानिका सगळ्यांच्या शेवटी उठली. माझ्याजवळ येऊन, सरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिने विचारलं, "टीचर, आता खराखुरा वाचूक कधी शिकवशात?"

शिकवीन म्हटलं मी. मधल्या सुट्टीत कधी दहा मिनिटं मिळायची, कधी तीही नाही. सर बागेच्या प्रकल्पासाठी बाहेर, चारही वर्ग माझ्याकडे, आणि वर अबोलीची आणि झेंडूची रोपं पाण्यावाचून मरतात म्हणून ओरडा. वाचन कागदावर झालेलं होतं, त्यामुळे त्याच्यासाठी वेळ मागायला जागाच उरली नव्हती. मांडायची सोयच नसलेली तक्रार मी घेऊन बसले होते.

मार्चमध्ये सानिकाचे वडील शाळेत आले. गावच्या जत्रेहून आले होते, कागदात बांधलेलं गुळाचं खाजं घेऊन. मोबाइलवर फिरत फिरत तो व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला होता. एक कांडी सरांना दिली, एक मला. कौतुक करून झाल्यावर मुलीबद्दल तक्रारीच्या सुरात म्हणाले, "पण टीचर, चेडू हट्टी झाला हा. शाळेत मोबाइलार धडाधड वाचता, आणि परवा स्टँडार म्हटलंय, गे, गाडयेचो बोर्ड वाच, तर गप! माका वाचूक येणा नाय म्हणान मुद्दाम करता. आमची गाडी चुकली. दिलंय एक थोबाडीत सगळ्यांसमोर."

सर खाजं चावत म्हणाले, "भुरगीं अशींच. लाड करूं नाकात."

मी बोलायला हवं होतं. हातात गूळ चिकटला होता, त्याकडे बघत बसले. खिडकीतून सानिका दिसत होती. फळ्यावरचं उतरवून घेत होती, मान खाली घालून. तिच्या बापाला मी एवढंच सांगायचं होतं की तिला येत नाही, आम्ही खोटं दाखवलं. सहा शब्द. सरांना बोलायचं नव्हतं कारण ते सर होते. मला का बोलता आलं नाही, हे मी अजून स्वतःला विचारते आणि उत्तर आवडत नाही म्हणून पुन्हा विचारते.

एप्रिलमध्ये ती पास होऊन गेली. जूनमध्ये माझी बदली पेडण्यात झाली. हायस्कुलातली एक ओळखीची शिक्षिका सांगायची, मागे बसते, त्रास नाही, अक्षर काय सुंदर आहे! आठवीपर्यंत तसंच चाललं. नववीत पेपर आपल्या मनाने लिहायची वेळ आली तेव्हा तिने शाळा सोडली. आता ती आईबरोबर काजू सोलायला जाते.

गेल्या वर्षी मला मुख्याध्यापिकेची बढती मिळाली, आणि लगेच नेतृत्वाच्या प्रशिक्षणाचं पत्र. फोंड्याला एका सभागृहात. दारात पिशवी मिळाली. आत गेले तर व्यासपीठावर भांग पाडलेले मळीक सर.

त्यांनी ओळखलं, मोठ्याने नाव घेतलं, सगळ्यांना सांगितलं की ह्या टीचर माझ्या टीममध्ये होत्या. आणि मग पडद्यावर सानिका आली. आधी अडखळणारी, कान लाल झालेली. नंतर धडाधड वाचणारी. तिचं बोट ओळीखालून सरकत होतं, मी शिकवलं होतं तसं. सभागृहात टाळ्या झाल्या. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती.

चहाच्या वेळी मी त्यांना कोपऱ्यात गाठलं.  "सर, तिला वाचता येत नव्हतं. तिने शाळा सोडली. तुम्हाला ठाऊक आहे?"

मला वाटलं ते नाकारतील. 

"खबर आसा," ते म्हणाले. "टीचर, तुमी रागार जातल्यात, पूण सांगतां. वाचूक येना त्या भुरग्याक वाचूक कशें शिकोवप, तें माका केन्नाच कळूंक ना. पयलीचो वर्ग म्हजो, आनी माका येनाशिल्लें. इतलीं ट्रेनिंगां केलीं. सगळें सांगलें. तें कोणेंच सांगलें ना."

"आणि तुम्ही विचारलं नाही."

"मुख्याध्यापकान कशें विचारप?"

मला त्यांची दया यायला हवी होती. म्हातारा माणूस, हातात कप, वाचायला शिकवता येत नाही या एका गोष्टीची लाज लपवण्यात सगळी नोकरी घालवलेली. क्षणभर आलीही असेल. पण त्या लाजेची किंमत स्टँडवर सगळ्यांसमोर दुसऱ्याच कुणाच्या गालाने चुकवली होती.

दुपारी त्यांनी आम्हाला एकेक कागद दिला. आपल्या शाळेतली समस्या लिहा, तीन महिन्यांचा प्रकल्प, दोन व्हिडिओ. माझ्या शाळेत चौथीत सहा मुलं आहेत, त्यांतल्या दोघींना वाचता येत नाही. समस्येच्या रकान्यात मी त्या दोघींची नावं लिहिली. आडनावांसकट. खाली लिहिलं, ह्यांना वाचता येत नाही.

सर कागद गोळा करत बाकांमधून आले. माझा वाचला. वाकून, कानाजवळ, मायेने म्हणाले, "टीचर, वाचन घालात, जाता. पूण नांवां काडात. नांव घातल्यार फाल्यां कोणूय येवन त्याच भुरग्याक मुखार बसयतलो आनी वाच म्हणटलो."

ते माझ्या भल्यासाठीच सांगत होते. सगळ्यांत जास्त किळस मला त्याची आली.

"येऊ दे, समोर बसवू दे," मी म्हटलं.

 मी पेन उचललं नाही. मग त्यांनी माझा कागद घेतला, हातातल्या गठ्ठ्याच्या सर्वांत खाली सरकवला, आणि पुढच्या बाकाकडे वळले.